भूतकथेतली भीती कोणाची? चाळीसगावचा टांगा, वाकडीची विहीर आणि आपलं लेखन



चळवळीतल्या तरुणांमध्ये एक वाद हमखास निघतो. भूतकथा, भयकथा आपण वाचाव्यात का? एक बाजू म्हणते, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हडळ-मुंज्याच्या गोष्टी शोभत नाहीत. दुसरी म्हणते, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? माझ्या मते दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला हात घालत नाहीत. कथेत भीती कोणाला वाटते, कोणाची वाटते आणि ती सांगतो कोण, हा तो प्रश्न आहे. तो विचारला की भयकथेचा इतिहास जातीच्या इतिहासाला जाऊन भिडतो.

आपल्या जामनेर तालुक्यातलं कोणतंही जुनं गाव डोळ्यांसमोर आणा. गावातल्या गोष्टींत भूत कुठे राहतं? मसणवट्यात, वेशीबाहेरच्या चिंचेवर, पडक्या विहिरीत. विहिरीत साती आसरा असतात, भरदुपारी तिकडे जाऊ नये, असं पोरांना सांगतात. भुतांनाही जात आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला, तो ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो. ब्राह्मणाचं भूत ब्रह्मसमंध होतं. मेल्यावरही वर्णव्यवस्था सुटत नाही.

आता दुसरी गोष्ट पाहा. भुतं जिथे ठेवली, त्याच वेशीबाहेर महारवाडा आणि मांगवाडा ठेवला. रात्रीची राखण, मयताचा सांगावा परगावी पोचवणं, सरणाची लाकडं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं ही कामं वतनाच्या नावाखाली महारांवर लादलेली होती. दिव्याच्या उजेडात बसून अंधाराची गोष्ट सांगणारा वाड्यात होता. त्या अंधारातून सांगावा घेऊन चालत जाणाऱ्या येसकराला भिण्याचीसुद्धा मुभा नव्हती. त्याला काय वाटलं असेल, हे कोणी लिहून ठेवलं नाही. १८७४ च्या कायद्याने पक्कं केलेलं हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. वतनं कायद्याने संपायला मात्र १९५८ उजाडलं.

मराठी भयकथेची कारागिरी नाकारण्याचं कारण नाही. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी पिढ्यांना रात्रभर जागवलं. त्यांची रीत साधी आहे. सुरुवात रोजच्या घरातून करायची, एखादी बारीक गोष्ट जागची हललेली दाखवायची, वाचकाला शंका येऊ द्यायची आणि कारण शक्य तितकं उशिरा सांगायचं. वाचकाला ती ओढ लागते, कारण सुरक्षित खुर्चीत बसून तो आपली भीती तपासून पाहत असतो.

पण या कथांची एक बांधणी लक्षात घ्या. घर चांगलं चाललेलं असतं, बाहेरून काहीतरी वाईट आत शिरतं. धारपांच्या समर्थकथांत अफाट आत्मिक बळाचा पुरुष येतो, दुष्ट शक्तीला हरवतो आणि घडी पुन्हा बसते. म्हणजे घडी चांगली आणि संकट बाहेरचं. आपला अनुभव याच्या उलटा आहे. आपल्यासाठी बसलेली घडी हीच भीती होती.

ही भीती कशी लिहायची, याचा धडा बाबासाहेबांनी दिला, आणि तोही खानदेशातल्याच प्रसंगातून. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते इकडे आले होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला आहे. तो नीट वाचा. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे आहेत, बाहेर टांगे आहेत, तरी तासभर कोणी हलत नाही. का, ते कळत नाही. मग टांगा येतो. थोडं अंतर जातो न जातो तोच मोटारीवर आदळता आदळता वाचतो. रोज टांगा हाकणारा माणूस इतका अडाणी कसा, असा प्रश्न त्यांना पडतो. पुढे नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळतो, चाक कडेच्या दगडावर आदळतं. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात, घोडा आणि टांगा नदीत पडतात. त्यांचा पाय मोडतो.

कारण आपल्याला शेवटी कळतं. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. बाबासाहेबांनी पायी चालत येणं वस्तीतल्या लोकांना मानवेना, म्हणून सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला. बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजत होता. कारण मागे ठेवल्यामुळे तो रिकामा तास, ती हुकलेली टक्कर, सगळं पुन्हा आठवतं आणि अंगावर काटा येतो. भयकथेची सगळी कारागिरी इथे आहे, फक्त भूत नाही.

पुढे आपल्या लेखकांनी भीतीचा पत्ताच बदलला. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाण बंद पडल्यावर प्रेतं उकरून सोनं शोधतो. त्याला मसणाची भीती नाही, बेकारीची आहे. मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं तो गमावतो आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत नायक जात लपवून भाड्याच्या खोलीत राहतो. मान मिळतो, जेवण मिळतं, आणि प्रत्येक गोड शब्दागणिक वाचकाचा श्वास अडकतो, कारण हे उघडं पडणार आहे. भीती मसणातून उठून खोलीत आली.

आता वाकडीकडे या. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातल्या या गावात विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना नग्न करून मारलं गेलं. मारणारे सवर्ण नव्हते, भटक्या समाजातले होते. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती हीच. आसरांनी त्या मुलांना काही केलं नाही. जे केलं ते काठावरच्या माणसांनी केलं.

त्या प्रकाराची चित्रफीत देशभर फिरली. लोक हळहळले आणि विसरले. का विसरले? त्या चित्रफितीत पाहणारा मारणाऱ्याच्या शेजारी उभा असतो. त्याला उघडी अंगं दिसतात, पण पाण्यात उतरताना मुलांच्या मनात काय होतं, घरी जाऊन काय सांगायचं, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कसं जायचं, हे दिसत नाही. बाबासाहेब आपल्याला टांग्यात बसवतात, बागूल खोलीत राहायला लावतात.

भयकथा हत्यारही होऊ शकते. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांचा जो छळ झाला, त्यामागे पिढ्यानपिढ्या सांगितलेल्या गोष्टीच आहेत. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, पण गोष्ट कायद्याने थांबत नाही. तिला उत्तर गोष्टीनेच द्यावं लागतं.

म्हणून मित्रांनो, धारप वाचा, मतकरी वाचा. भुतावर विश्वास ठेवू नका, पण उशिरा सांगण्याची ती कला शिकून घ्या. अत्याचाराची बातमी आपण तारीख, कलम आणि निषेध अशी लिहितो. ती लिहावीच लागते, केससाठी तीच लागते. पण वाचणाऱ्याला त्या विहिरीच्या काठावर उभं करायचं असेल, तर दुसरं लेखनही आपणच करायला हवं. येसकराची रात्र अजून कोणी पुरती लिहिलेली नाही. ज्यांच्या आजोबांनी ती काढली, त्यांनी त्यांना विचारून लिहायला घ्यावी. विचारायला म्हातारी माणसं फार उरलेली नाहीत.

जयभीम!