कोल्हापुरात लॉ करायचंय? सीईटी, फी आणि पहिलं वर्ष

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली आणि लॉ करू पाहणाऱ्यांना घराजवळच आणखी एक कारण मिळालं.

बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स. दोन्हींची सीईटी वेगळी. खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के लागतात. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. १९३३ पासूनच्या शहाजी लॉ कॉलेजसाठीही याच परीक्षेतून जावं लागतं.

खरी दमछाक होते ती कागदपत्रांत. ज्यांच्या नावानं कोल्हापूर ओळखलं जातं, त्या राजर्षी शाहूंच्याच नावाची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता काढा, नंतर सेतू केंद्रात रांग लागते. खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च मात्र वेगळा धरा.

पाच वर्षांच्या कोर्सला सुरुवातीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असतं, त्यामुळे 'कायदा कुठाय?' असं वाटेल. सीनियरची जुनी पुस्तकं घेताना सांभाळा: १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे क्रमांकच बदललेत. ४२० आता ३१८ मध्ये सापडेल.