आखाताचे दोन काठ

हेलसिंकी आणि टालिन या दोन राजधान्यांमध्ये फिनलंडचे आखात जेमतेम ऐंशी किलोमीटर रुंद आहे. दोन्ही काठांवरच्या भाषा सख्ख्या बहिणी. दोन्ही देशांवर झारचे राज्य होते. फिनलंड १९१७ साली सुटला, एस्टोनिया १९१८ साली. पुढे महायुद्धापर्यंत दोन्हीकडचे राहणीमान जवळजवळ सारखेच होते. पन्नास वर्षांनी मात्र जमीनअस्मानाचे अंतर पडले. फिनी माणूस मुळातच कष्टाळू, असे त्याचे कारण सांगतात. मला ते पटत नाही. एका वर्गातली दोन मुले पुढे निराळी निघाली, तर मास्तराने आधी घरची हकीकत विचारावी.

१९३९ च्या सप्टेंबरात एस्टोनियाने सोव्हिएत लष्करी तळांना जागा दिली. फिनलंडने नकार दिला आणि लढाई पत्करली. त्यात दशांश मुलूख गेला, चार लाखांवर माणसे बेघर झाली, वर तीस कोटी डॉलरांची युद्धखंडणी बसली. जहाजे, यंत्रे, लाकूड देऊन ती १९५२ साली फेडली. त्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिक भरले आणि आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तेथे कांस्यपदक मिळवले. पण मला मोठे वाटते ते निराळेच. १९४३ साली, ऐन युद्धात, प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचे जेवण फुकट देण्याचा कायदा फिनलंडने केला, आणि १९४८ पासून तो सर्वत्र अंमलात आणला. डोक्यावर एवढे देणे असताना या घराने पोरांची ताटे आधी मांडली!

पलीकडे १९४० सालीच एस्टोनिया गिळला गेला होता. १९४९ च्या मार्चमध्ये अवघ्या काही दिवसांत वीस हजारांवर माणसे सैबेरियाला धाडली; त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी. मागे राहिलेले शेतकरी मग मुकाट्याने सामुदायिक शेतीत शिरले. शाळा होत्या, दवाखाने होते. ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु टालिनच्या घराघरांत फिनलंडचे दूरदर्शन दिसे, आणि दुकानाच्या रांगेतून दमून आलेली बाई रात्री पलीकडच्या भरल्या दुकानांच्या जाहिराती पाही. तिचे दुःख कोणत्या कोष्टकात मांडायचे?

१९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय पीसा चाचणी होते, तीत २०२२ साली गणित, विज्ञान आणि वाचन या तिन्हींत एस्टोनियाची मुले फिनलंडच्या पुढे गेली. पगार मात्र अजून फिनलंडचेच मोठे. त्यामुळे दोन तासांच्या बोटीने एस्टोनियाचे कारागीर हेलसिंकीला कामाला जातात. आणि परतीच्या बोटीत त्यांच्या शेजारी स्वस्त दारूसाठी टालिनला निघालेले फिनी बसलेले असतात.