एक शेर, पण कशाचा?

मागच्या दिवाळीत आमच्या गटाने चकलीच्या भाजणीची मोठी ऑर्डर घेतली आणि पहिला घाणा वाया घालवला. भाजणी काळपट झाली, धन्याचा उग्र वास यायला लागला आणि चकली तेलात तुटायला लागली. चूक शोधता शोधता आम्ही जुन्या मापांच्या इतिहासात शिरलो. तेच आज सांगतो.

प्रमाण आम्हाला गटातल्या एका आजींनी दिलं होतं. शेरभर तांदूळ, मापटंभर हरभरा डाळ, मूग, उीद आणि पोहे चिपटं-चिपटं, कोळवंभर धने. पण किराणा किलोत येतो आणि पाकिटावरही निव्वळ वजन छापावं लागतं. म्हणून आम्ही ग्रॅमचा हिशेब मांडला. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, असं एका जुन्या कोष्टकात सापडलं. मग निम्मं मापटं, पाव चिपटं, आठवा हिस्सा कोळवं. गुणाकार-भागाकार बरोबर होता. शेर मात्र भलताच घेतला होता.

कारण आपल्याकडे शेर दोन होते. एक तागडीचा. ५ तोळ्यांचा छटाक, १६ छटाकांचा शेर, ४० शेरांचा मण. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणून हा ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम भरतो. दुसरा शेर मापाचा, म्हणजे भांड्याचा. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. या शेराचं ठरलेलं वजन नाही. आत काय भरलं, त्यावर ते ठरतं. शिवाय मापही सगळीकडे सारखं नव्हतं.

बहुतेक घरांत बाईच्या हाताशी तागडी नव्हती, माप होतं. नवी नवरी आजही उंबरठ्यावर तांदळाचं माप ओलांडून घरात येते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. माप सपाट भरायचं की वर शीग लावायची, यावरून भांडणंही व्हायची. घेताना शीग आणि देताना सपाट, ही सावकाराबद्दलची जुनी तक्रार आमच्या आज्यांनीही केलेली आहे.

पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. सगळीकडे एकच वजन झालं, दुकानात फसवणुकीला आळा बसला, हे चांगलंच झालं. पण घरातली प्रमाणं जुन्या मापातच राहिली. ती कुणी लिहून ठेवली नाहीत, कारण एकाच भांड्याने सगळं मोजलं की प्रमाण आपोआप जुळायचं.

आमचं बिघडलं ते इथेच. आजींचं कोळवं आणून आम्ही सपाट भरलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. भांड्याचं वजन वजा करून तांदूळ भरला १०० ग्रॅम, धने फक्त ४०. आणि कोष्टकाच्या हिशेबाने आम्ही धने घातले होते ११७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट! पोह्यांचंही तसंच झालं होतं. आजींना म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “तुम्ही काट्यावर घेणार, हे मला कुठं सांगितलंत?”

आता आम्ही प्रत्येक जिन्नस त्याच मापाने तीनदा भरतो, तीनदा तोलतो आणि सरासरी वहीत लिहितो. माप सपाट की शिगेचं, तेही लिहितो. पुढच्या घाण्याची भाजणी आजींनी चाखली आणि मान डोलावली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं जुनं मापटं भंगारात देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा, तिच्या हाताने ते भरून घ्या आणि मग तोला. तिचं प्रमाण तिच्या मापाशिवाय कळणार नाही.