छताखालचा चौक

न्यूयॉर्क राज्यात ओंटारिओ सरोवराच्या काठी रॉचेस्टर नावाचं शहर आहे. कोडॅकचं गाव म्हणून त्याची जुनी ओळख. हिवाळाभरात तिथे अडीच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. १९५०च्या दशकात तिथली खाऊनपिऊन सुखी कुटुंबं मोटारी घेऊन उपनगरांत राहायला जाऊ लागली आणि त्यांच्यामागोमाग दुकानंही निघाली. बाहेर गाडी लावायला ऐसपैस जागा होती, शहरात तिचीच वानवा. शहराच्या मध्यभागात मॅकर्डीज आणि फोरमन्स ही दोन मोठी दुकानं होती, एकमेकांची स्पर्धक. त्यांचे मालक गिल्बर्ट मॅकर्डी आणि मॉरिस फोरमन यांनी शहर सोडायचं नाही असं ठरवलं आणि दोघांनी मिळून आजूबाजूच्या जागा विकत घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत शहराच्या ऐन मध्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बंदिस्त मॉलची, मिडटाउन प्लाझाची, कथा या हट्टापासून सुरू होते.

आराखड्यासाठी त्यांनी बोलावलं व्हिक्टर ग्रूएनला. हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुरचनाकार. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर अमेरिकेत आलेला. मिनिआपोलिसजवळचा साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, बाराही महिने एकाच तापमानाचा मॉल त्यानेच १९५६ मध्ये उभारला होता. पण ग्रूएनच्या डोक्यात दुकानं दुय्यम होती. त्याला हवा होता व्हिएन्नासारखा चौक: लोक पायी येतील, बसतील, कॉफी पितील, ओळखीचं कुणीतरी भेटेल. मोटार त्याला या सगळ्याची वैरीण वाटे. साउथडेल मात्र शहराबाहेर होता. रॉचेस्टरमध्ये त्याला पहिल्यांदा शहराच्या पोटात हा प्रयोग करायला मिळाला.

छताखाली बाजार भरवण्याची कल्पना तशी जुनीच. मिलानची काचेच्या घुमटाची गॅलेरिया १८७७ पासून आहे आणि खुद्द अमेरिकेत क्लीव्हलँडची आर्केड १८९० ची. मिडटाउनचं नवेपण मोटारीची सोय लावण्यात होतं. महापालिकेने जमिनीखाली सुमारे दोन हजार गाड्यांचं वाहनतळ बांधलं, मालाचे ट्रकही खालच्या खालीच येऊ-जाऊ लागले आणि वरचा मजला निव्वळ चालणाऱ्यांना मोकळा राहिला. शेजारी अठरा मजली टॉवर, त्यात कचेऱ्या आणि वरच्या मजल्यांवर हॉटेल. १० एप्रिल १९६२ रोजी हे सगळं सुरू झालं आणि देशोदेशीचे नगररचनाकार ते पाहायला येऊ लागले.

मधल्या चौकात एक घड्याळ उभं होतं, क्लॉक ऑफ द नेशन्स. ग्रूएनच्या कार्यालयातल्या गीअर कॅव्हानॉ या डिझायनरने ते रचलं होतं. अठ्ठावीस फूट उंच खांबाभोवती बारा देशांचे बारा गोल कोश. ठरल्या वेळी ते उघडत, संगीत सुरू होई आणि आतल्या कळसूत्री बाहुल्या नाचू लागत. नाताळात चौकाच्या वरून मुलांसाठी छोटी मोनोरेल फिरे. रॉचेस्टरकर मिडटाउनची आठवण काढतात ती या दोन गोष्टींची. कुठल्या दुकानात काय घेतलं, हे क्वचितच कुणी सांगतं. ग्रूएनचा चौक लोकांनी आपला मानला होता, याचा याहून मोठा पुरावा मला तरी दिसत नाही.

मग बिघडलं कुठे? त्याच वर्षांत गावठाणाभोवती इनर लूप नावाचा वेगवान रस्ता गुंडाळला गेला, बराचसा खंदकासारखा खोल. मोटारीने मध्यभागात येणं सोपं झालं आणि शेजारच्या वस्तीतून चालत येणं अवघड. चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या चौकाची भिस्त मोटारवाल्यांवर राहिली. १९६४ मध्ये वांशिक असंतोषाचा भडका उडाला, त्यानंतर गोऱ्या कुटुंबांचं शहर सोडणं आणखी वाढलं. १९५० साली तीन लाख बत्तीस हजार असलेली लोकसंख्या २००० साली दोन लाख वीस हजारांपर्यंत घसरली. उपनगरांतल्या मॉलसमोर मिडटाउनचा टिकाव लागेना. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॅकर्डीज आणि फोरमन्स ही दोन्ही दुकानं मिटली होती. इतका उत्तम चौक बांधूनही लोकांना घरं मात्र दूर बांधू दिली, ही चूक एकट्या वास्तुरचनाकाराच्या पदरात घालणं मला अन्यायाचं वाटतं.

ग्रूएन १९६८ साली व्हिएन्नाला परतला. आपल्या कल्पनेतून नागरी जीवन वगळून फक्त दुकानं उचलणाऱ्या बिल्डरांना त्याने पुढे जाहीरपणे झिडकारलं. त्या मॉलचं पितृत्व स्वीकारायला तो तयार नव्हता. तोवर व्हिएन्नाच्याच दक्षिणेला एक अवाढव्य मॉल उभा राहिला होता.

मिडटाउन २००८ मध्ये बंद झालं आणि २०१० मध्ये पाडायला घेतलं. घड्याळ विमानतळावर नेलं. टॉवरचा सांगाडा तेवढा राखला, त्यावर नव्या भिंती चढवल्या आणि २०१६ साली कचेऱ्यांबरोबर तिथे भाडेकरू कुटुंबं राहायला आली. इनर लूपचा पूर्वेकडचा खंदक त्याच सुमारास मातीने भरून तिथे साधा रस्ता करायचं काम चालू होतं.