कुतच्या खंदकातील दोन व्याधी

पहिल्या महायुद्धात सैनिकांचे प्राण केवळ तोफगोळ्यांनी घेतले नाहीत. खंदकातील चिखल, उवा, दूषित पाणी आणि अपुरे अन्न हेही तितकेच निष्ठुर शत्रू होते. त्याचा एक दाखला महाराष्ट्राच्या सुपुत्रांशी निगडित आहे.

७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की सैन्याने आजच्या इराकमधील कुत येथे जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जानेवारीत तैग्रिस नदीला पूर येऊन खंदक जलमय झाले. रसद आटली, भाजीपाला संपला.

मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने ग्रासले. कोंड्यासह दळलेल्या आट्याने व डाळीने भारतीय जवान त्यातून वाचले. पण त्यांच्या हिरड्या सुजल्या, अंगातील त्राण गेले. हा स्कर्व्ही, 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. घोड्याच्या ताज्या मांसाने गोरे त्यातून बचावले. आपल्यांपैकी अनेकांनी, गावी जातभाई वाळीत टाकतील या धास्तीने, ते नाकारले. धर्मगुरूंची संमती मागवण्यात आली. पण बहुतेकांनी मांस स्वीकारले तोवर एप्रिल उजाडला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले.

वसईच्या वाडीत सहज खुडली जाणारी पालेभाजी, परसातला पेरू त्यांना वाचवू शकला असता. दोष त्या भुकेल्या जवानांचा नव्हे. ज्या समाजाचे भय मृत्यूच्या भयाहून मोठे ठरले, त्याने अंतर्मुख व्हावे.