पिवळ्या वायरीची बखर

दिवाळीच्या आधी माळा झाडावयाचा ही आमच्या घरची जुनी चाल. गेल्या वर्षी तो झाडताना एक पत्र्याचा डबा खाली आला. एके काळी त्यात चकल्या राहत. अलीकडे वायरी राहतात. काळ्या, करड्या, निळ्या तोंडाच्या, तीन रंगांच्या शेपट्या असलेल्या. दर नव्या यंत्राबरोबर एक घरात आली, यंत्र मोडीत गेले आणि वायर ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून डब्यात पडली. “ह्यांतली एक तरी कधी लागली का?” हा आमच्या सौभाग्यवतींचा वार्षिक प्रश्न. गेल्या वर्षी ती लागली.

त्याच माळ्यावर धाकट्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली. लग्न १९९१ चे. चित्रीकरणवाल्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे साऱ्या विधींवर सिनेमाची गाणी चढविली होती. पण सीमांतपूजनाच्या आधीचा, स्वयंपाकघरातला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा एक तुकडा गाणे घालावयाचा राहून गेला होता. त्या तुकड्यात माझी आई बोलते. ती १९९६ साली गेली. तिचा आवाज आमच्याजवळ दुसरीकडे कुठेही नाही, आणि माझ्या नातवंडांनी तो कधी ऐकलेला नाही. कॅसेट लावण्याचे जुने यंत्र सुदैवाने चालत होते. भाऊबीजेला बहीण येणार, तेव्हा सर्वांनी मिळून पाहावे असा बेत ठरला.

यंत्राच्या पाठीवर पिवळे, पांढरे, तांबडे अशी तीन भोके. नव्या टीव्हीच्या पाठीवर त्यांतले एकही नाही. मी बाजारात जाऊन एक डबी घेऊन आलो. तिच्या एका अंगाला ती तीन रंगांची भोके, दुसऱ्या अंगाला एचडीएमआयचे चपटे तोंड. जोडली. टीव्हीने निळा पडदा दाखवून कळविले की सिग्नल नाही. वायरी उलट्यापालट्या करून पाहिल्या, फुंकर मारून पाहिली. सिग्नल नाही तो नाहीच. मी आयुष्यभर इतिहास शिकविला. यंत्र नीट चालेना म्हटल्यावर मला एवढेच सुचले की, ह्या वायरींचा इतिहास तरी पाहावा. तो पाहिला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. पण ती सांगण्याआधी बखर सांगितली पाहिजे.

पिवळ्या तोंडाची ही वायर मूळची चित्राची नव्हेच. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने ग्रामोफोनची तबकडी रेडिओतून ऐकता यावी म्हणून हा साधा, स्वस्त प्लग काढला. म्हणून त्याला अजून ‘फोनो’ही म्हणतात. पुढे तो चित्रालाही लावला गेला, आणि पिवळा म्हणजे चित्र, पांढरा व तांबडा म्हणजे डावा-उजवा आवाज, असा संकेत रूढ झाला.

पण सगळे रंगीत चित्र एका वायरीतून जाते कसे? ह्याचे उत्तर १९५३ सालच्या एका तडजोडीत आहे. त्या साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची पद्धत मंजूर झाली. तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते आणि ते एका रात्रीत निकामी करावयाचे नाहीत असा दंडक होता. मग अभियंत्यांनी युक्ती केली. उजेड-अंधाराचे जुने चित्र जसेच्या तसे ठेवले आणि त्याच्याच पोटात, एका बारीक लहरीवर, रंगाची माहिती बसविली. जुना संच रंगाकडे दुर्लक्ष करी, नवा तो वेचून घेई. भरल्या घरात पाहुण्याला कोपऱ्यात अंथरूण घालून द्यावे तसा हा प्रकार. रंगाला जागा मिळाली, पण अरुंद. शिवाय वाटेत लहरीची चाल थोडी बिघडली की माणसाचा चेहरा हिरवट होई. ‘एकच रंग दोनदा कधी दिसावयाचा नाही’, अशी थट्टा खुद्द अभियंतेच करीत. ह्यावर जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख ह्यांनी तोड काढली : एका ओळीत रंगाची लहर सुलटी, पुढच्या ओळीत उलटी, म्हणजे एकीची चूक दुसरीने फिटते. ही पाल पद्धत. १९८२ साली आपल्याकडे दूरदर्शनला रंग आला तो ह्याच पद्धतीने, आणि माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेटही तिच्यातलीच.

फ्रेंचांनी मध्येच एकवीस पिनांचे एक आडदांड तोंड काढून १९८० पासून ते आपल्या देशातल्या टीव्ही-संचांना सक्तीचे केले. ते युरोपात पुष्कळ चालले. आपल्या डब्यात ते नाही, तेव्हा सोडून देऊ.

डब्यातल्या निळ्या तोंडाच्या, दोन स्क्रूंच्या वायरीविषयी मात्र मला विशेष जिव्हाळा आहे. ती व्हीजीए. १९८७ साली आयबीएमने तिला आपल्या संगणकांबरोबर आणले. त्याच कंपनीच्या १९८१ च्या संगणकात दोन प्रकारचे पडदे होते, एकरंगी आणि बहुरंगी. दोघांची भाषा वेगळी, पण मागचे नऊ पिनांचे तोंड मात्र अगदी सारखे! एकाची वायर दुसऱ्यात खुशाल बसे, आणि एकरंगी पडद्याला चुकीचा सिग्नल गेला तर तो जळण्याचाही धोका असे. तोंडावरून जात ओळखू नये, हा धडा त्या वेळीच मिळाला होता. बहुरंगी पडद्याची ती जुनी वायर रंग ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे मोजून पाठवी, म्हणून तिच्यात रंग मोजकेच, सोळा. व्हीजीएने ते मोजणे सोडले. तांबडा, हिरवा, निळा ह्यांना एकेक तार दिली आणि त्या तारेतला दाब हवा तितका कमी-जास्त होऊ दिला. त्यामुळे अडीच लाखांवर छटांतून निवड करता येऊ लागली. आज आपण समजतो की आकड्यांची ती नवी भाषा आणि चढउताराची ती जुनी. इथे आकडे टाकून चढउतार घेणे हीच प्रगती होती!

तिच्या पंधरा पिनांपैकी मधल्या रांगेतली एक पुष्कळदा मुळातच नसे. आमच्या महाविद्यालयातल्या शिपायाने त्यापायी एक चांगली वायर ‘दात पडलेली’ म्हणून टाकून दिली होती. आणि जी ठेवली तिची निळ्या रंगाची पिन वाकलेली. म्हणून पानिपतावरचे माझे एक व्याख्यान, नकाशे-चित्रांसह, पिवळ्या रंगात पार पडले. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी वगैरे बड्या कंपन्यांनी जाहीर केले की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद. ते साल येऊन गेले. व्याख्यानगृहांतून ही निळी म्हातारी त्यानंतरही दिसत राहिली.

तिला काढण्याचे कारण मात्र रास्त होते. पडदे सपाट झाले, म्हणजे ठिपक्यांचे झाले. संगणकात चित्र आकड्यांत. व्हीजीएसाठी त्याचे चढउतार करावयाचे. पडद्यात पुन्हा त्यांचे आकडे करावयाचे. मोडी कागद बाळबोधीत उतरवून परत मोडीत लिहिण्यासारखा हा उद्योग. म्हणून १९९९ साली डीव्हीआय आली, आकडे थेट पाठविणारी. संक्रमणकाळ ओळखून तिच्या एका जातीत दोन्ही भाषा ठेवल्या होत्या : चपट्या पात्याभोवती चार बारीक पिना असतील तर तिच्यात जुनी भाषाही आहे, आणि साध्या जोडतोंडाने ती व्हीजीएला जुळते. त्या चार नसतील तर नाही.

२००२ च्या अखेरीस सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय ठरविली. चित्राची भाषा डीव्हीआयचीच, वर आवाजाची सोय. म्हणून ह्या दोघींमध्ये साधे जोडतोंड पुरते; त्यात कसलाही मेंदू लागत नाही. मात्र चित्रपटवाल्यांच्या आग्रहाखातर हिच्यात एक कुलूपही आहे : दोन्ही टोकांची यंत्रे एकमेकांना खूण पटवितात, न पटली तर सिनेमा दिसत नाही. २००६ साली डिस्प्लेपोर्ट आली. तिची भाषा वेगळी, पण पुष्कळशा संगणकांचे डिस्प्लेपोर्ट-तोंड गरज पडल्यास एचडीएमआयची भाषा बोलते. एचडीएमआय मात्र उलटून डिस्प्लेपोर्टची बोलत नाही. २०१४ च्या यूएसबी-सीने तर कहर केला. तेच इवलेसे तोंड एका संगणकात चित्र देते, दुसऱ्यात नुसती वीज.

जाताजाता व्यवहाराचे सांगतो. दुकानात ‘कोणत्या आवृत्तीची केबल?’ असे विचारतात. आवृत्ती यंत्रांची असते, केबलची असते ती वाहून नेण्याची ताकद. एचडीएमआयची ही मजल २००९ साली सेकंदाला दहा अब्ज अंकांच्या थोडी वर होती, २०१३ त अठरा, २०१७ त अठ्ठेचाळीस. खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली केबल ह्या शेवटच्या मजलीची. घरात तसा टीव्ही नसेल तर तिचे पैसे वाया. सोन्याचा मुलामा कोकणच्या खाऱ्या हवेत गंजापासून वाचवील, पण चित्र उजळवणार नाही.

आता माझी चूक. पिवळी वायर आणि एचडीएमआय ह्यांच्या भाषा सर्वस्वी वेगळ्या; मध्ये दुभाष्या हवाच. पेशवाईतल्या वकिलांचे दुभाषे दोन्हीकडून बोलत. हे डबीतले दुभाषे एकाच दिशेने बोलतात. मी आणलेला एचडीएमआयचे पिवळ्यात करणारा होता. मला हवा होता पिवळ्याचे एचडीएमआयमध्ये करणारा. दोन्ही डब्या दिसावयास जुळ्या बहिणी; फरक फक्त वर छापलेल्या शब्दांच्या क्रमात.

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुकानातल्या पोराने डबीकडे पाहिलेही नाही. त्याने एवढेच विचारले, “काका, चित्र निघतंय कुठनं अन् चाललंय कुठं?” मी सांगितले. त्याने दुसरी डबी काढून दिली आणि बजावले, “हिला वीज लागते बरं का. ती बारकी वायर टीव्हीच्या यूएसबीत खोचा, नाहीतर पुन्हा याल.” पांढऱ्या, तांबड्या, पिवळ्या तोंडांची वायर मी आमच्या डब्यातलीच वापरली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत.

भाऊबीजेच्या संध्याकाळी कॅसेट लावली. पडदा थरथरला, पांढऱ्या रेघा वर सरकल्या आणि स्वयंपाकघर आले. धाकटा नातू ओरडला, “आजोबा, ही तुमची आई? केवढी जाड!” आई जाड नव्हती. जुने चित्र चारास तीन मापाचे, टीव्हीने ते आपल्या रुंदीला ताणले होते. मी माप बदलले. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मध्ये आई होती तशी झाली. लुगड्याचा तांबडा काठ काठाबाहेर थोडा सांडला होता, रंगाला दिलेली ती अरुंद जागा कॅसेटवर आणखीच अरुंद होते म्हणून. ती कुणालातरी म्हणत होती, “अगं, नारळ मोजून घेतलेस का? मागाहून म्हणाल कमी पडले.”

बहिणीने ते तीनदा मागे नेऊन ऐकले. नंतर गाणे सुरू झाले, तेव्हा आम्ही टीव्ही बंद केला.