कुसू, खाच आणि पटाशीची रुंदी : इंग्लंडातील सुतारकामाच्या इतिहासातील एक प्रश्न

लाकडाचे दोन तुकडे काटकोनात जोडावयाचे असतील, तर एकाच्या टोकास कुसू काढावे आणि दुसऱ्यात ते घट्ट बसेल अशी चौकोनी खाच पाडावी, ही रीत फार प्राचीन आहे. तिच्या प्राचीनतेचा विचार येथे कर्तव्य नाही. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडातील कारागीर ही खाच पाडण्यासाठी पटाशी कशी निवडीत असे, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. खाचेचे माप आधी ठरे व त्याप्रमाणे पटाशी उचलली जाई, की हाताशी असलेल्या पटाशीवरून खाचेचे माप ठरे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या पेट्या, स्टुले व दारे यांतील मापे पुरावा म्हणून कशी वाचावयाची, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या विषयावरील इंग्रजीतील पहिला महत्त्वाचा लेखी आधार म्हणजे जोसेफ मॉक्सन याचा ‘मेकॅनिक एक्झरसायझेस’ हा ग्रंथ. तो १६७८ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला. खाचेची पटाशी अरुंद, परंतु इतर पटाश्यांहून पुष्कळ जाड असते. मोगरीचे जड घाव तिला सोसावे लागतात म्हणून ती तशी करतात, असे मॉक्सन सांगतो. खाचांच्या रुंदीला अनुसरून या पटाश्या निरनिराळ्या रुंदीच्या असतात, असेही तो म्हणतो. हे दुसरे विधान पुढील लेखकांनी फारशी चिकित्सा न करता स्वीकारलेले दिसते. मॉक्सन हा मुद्रक, पृथ्वीगोल व नकाशे तयार करणारा आणि १६७८ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झालेला विद्वान होता, हे मात्र येथे ध्यानात घेतले पाहिजे. हत्यारे त्याने बारकाईने पाहिली होती, यात संशय नाही. तथापि पाहणाऱ्याला जो क्रम स्वाभाविक वाटतो, तोच करणाऱ्याचा असतो असे नाही.

मॉक्सनने वर्णिलेला जाडपणा केवळ घाव सोसण्यासाठी नाही. या हत्याराचे पाते रुंदीपेक्षा जाडीला अधिक असते. खाच पाडताना कारागीर पटाशी तंतूंना आडवी धरून उभा घाव घालतो, थोडे पुढे सरकून पुन्हा घाव घालतो, आणि मधला तुकडा पात्यानेच उचकटून बाहेर काढतो. उचकटताना पात्याचा पहारीसारखा उपयोग होतो; धारेमागील उताराची गोलसर पाठ तेव्हा टेकूचे काम करते. पातळ पटाशी येथे वाकेल किंवा मोडेल. शिवाय जाड पात्याच्या रुंद बगला नुकत्याच कापलेल्या भिंतींना घासत खाली जातात, त्यामुळे पटाशी खोल खाचेत पिळवटत नाही. पाते पाठीकडे किंचित निमुळते ठेवीत, ते खाचेत अडकू नये म्हणून. मूठही अंडाकृती असे; न पाहता हाताला धारेची दिशा कळे. पोलाद महाग होते, म्हणून पाते घडीव लोखंडाचे करून केवळ सपाट बाजूवर पोलादाचा थर जोडीत.

या रचनेतून एक गोष्ट निघते. अशी पटाशी एकाच रुंदीची खाच नीट पाडते, आणि ती रुंदी म्हणजे तिची स्वतःची रुंदी. अरुंद पटाशीने दोनदा शेजारी शेजारी घाव घालून रुंद खाच पाडता येते खरी. पण भिंती वेड्यावाकड्या होतात, मग त्या तासाव्या लागतात, आणि दुप्पट वेळ जातो. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाने हा मार्ग आपखुशीने पत्करला असेल, हे संभवत नाही.

कुशाची जाडी लाकडाच्या जाडीच्या तृतीयांश असावी, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. एक इंच जाडीच्या लाकडास त्याप्रमाणे १/३ इंच खाच हवी. इंग्लंडातील पटाश्या मात्र इंचाच्या आठव्या व सोळाव्या भागांच्या हिशेबाने होत. ५/१६ किंवा ३/८ इंच, यांतून एक निवडावी लागे. इंग्लंडातून मॅसॅच्युसेट्समध्ये गेलेल्या सुतारांनी तीच परंपरा तेथे चालविली, आणि त्यांच्या सतराव्या शतकातील ओकच्या वस्तूंत ५/१६ इंचाची खाच वारंवार आढळते. पीटर फॉलन्सबी व जेनी अलेक्झांडर यांच्या अभ्यासाने या कामाची पद्धत बरीच उजेडात आली आहे. हे ओक करवतीने कापलेले नसून ओंडका फोडून काढलेले असे. दर्शनी बाजू तेवढी रंधून सपाट करीत, मागची बाजू खडबडीत व जाडीला कमीजास्त तशीच ठेवीत. ज्या लाकडाची जाडीच ठिकठिकाणी बदलते, त्याचा तृतीयांश कशाचा काढावयाचा? कारागीर दर्शनी बाजूपासून अंतर धरून पटाशीच्या रुंदीइतकी आखणी करी आणि कुसू त्या खाचेच्या मापाने काढी, हाच अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. तृतीयांशाचा नियम मग कोणती पटाशी उचलावी याचे स्थूल मार्गदर्शन करतो, माप ठरवीत नाही.

फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रुबो याने १७६९ ते १७७५ या काळात सुतारकामावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. तो स्वतः कसबी सुतार होता, म्हणून त्याची साक्ष मॉक्सनहून वेगळ्या तोलाची आहे. फ्रेंचांत या पटाशीला ‘बेदान’ म्हणतात. शब्दाच्या जुन्या लेखनावरून त्याचा अर्थ ‘गाढवाची चोच’ असा होतो आणि वाचक बुचकळ्यात पडतो. वस्तुतः जुन्या फ्रेंचमध्ये ‘आन’ म्हणजे बदक. तो शब्द लोप पावल्यावर गाढवाने बदकाची जागा घेतली.

इंग्लंडात हत्यारांचा पूर्ण संच पाहावयाचा असेल, तर रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयातील बेंजामिन सीटन याची पेटी पाहावी. चॅटमच्या या तरुणासाठी त्याच्या वडिलांनी १७९६ मध्ये लंडनच्या गेब्रिएल यांच्या दुकानातून हत्यारे विकत घेतली. खाचेच्या पटाश्याही तीत आहेत. ती फारशी वापरलीच गेली नाहीत, म्हणून दोन शतकांनंतरही जवळजवळ नवी राहिली. इतिहासकाराला यात लाभ आहे तसा धोकाही. दुकानातून आलेला संच ही एक गोष्ट आणि वीस वर्षे धार लावून आखूड झालेल्या चार पटाश्या ही दुसरी. सामान्य कारागिराची निवड दुसऱ्या प्रकारातून होत असे, आणि तशा पटाश्या झिजून नाहीशा झाल्या. त्यांची रुंदी आता केवळ खाचांतच उरली आहे. जोड मोडकळीस आलेला असेल तेव्हा खाचेच्या तळाशी धारेचे ठसे दिसतात. एकाच वस्तूतील सर्व खाचा एका मापाच्या असतील आणि लाकडांची जाडी मात्र वेगवेगळी असेल, तर पटाशी एकच होती असे म्हणण्यास आधार मिळतो.

सॅम्युएल बेंथम याने १७९३ मध्ये घेतलेल्या पेटंटात खाच पाडण्याच्या यंत्राचाही विचार होता. पुढे पोर्ट्‌समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉड्सले याने बनविलेली यंत्रे बसली, आणि १८०८ पर्यंत तेथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. त्या यंत्रांतही वरखाली होणारी पटाशीच खाच पाडी, आणि खाचेची रुंदी पटाशीच ठरवी. लहान कारखान्यांत हाताचे काम पुढेही दीर्घकाळ चालू राहिले. तेथे हत्यारांचे प्रकार उलट वाढले : खिडक्यांच्या हलक्या चौकटींसाठी बारीक पात्याची पटाशी, आणि दाराच्या कडेत कुलूप बसविण्याच्या खोल खाचेचा तळ साफ करण्यासाठी हंसाच्या मानेसारखी वाकलेली पटाशी.